पाण्याच्या तोंडापुढं

हल्ली रविवारी सकाळी आमच्या कॅनॉलच्या रस्त्यावर नांदेडहून माणसं येतात. चारचाकीच्या टपावर सायकली बांधून आणतात, फाटकापाशी उतरवतात, डोक्यावर त्या टणक टोप्या घालतात, आणि जिथं एकही गाडी येत नाही अशा रस्त्यावर तास-दोन तास सायकल मारून परत टपावर बांधून घरी जातात. गेल्या महिन्यात त्यातले एक गृहस्थ माझ्यापाशी थांबले. मी कडेच्या दगडावर गुडघे धरून बसले होते. म्हणाले, "काकू, भाग्यवान आहात तुम्ही. ना हॉर्न, ना धूर, एका अंगाला कॅनॉल, खाली नदी. लहानपणापासून इथंच का?" मी म्हटलं, "हाव, इथंच." आणखी काय सांगणार होते त्यांना? या रस्त्यावर मी तीन वर्षं रोज सायकल मारली आणि त्यातला एक दिवसही हौसेनं मारला नाही, हे सांगून त्या भल्या माणसाचा रविवार कशाला नासवायचा. त्यांना पाणी हवं होतं. हिवराच्या झऱ्याकडं बोट दाखवलं आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

माझे वडील, आबा, कालव्यावर चौकीदार होते. हदगावपासून थोडं आत, माळावर पाटबंधारे खात्याचा कॅम्प होता. कॅम्प म्हणजे पत्र्याच्या क्वार्टरांच्या दोन ओळी, मधे लिंबाची झाडं, एक दवाखाना आणि एक स्टोअर. आमचं क्वार्टर शेवटचं. ऊन चढलं की वरचे पत्रे कडकड वाजायचे आणि माय म्हणायची, "लागले बोलायला. माणसाला बोलायला सवड न्हाई अन् पत्र्याला हाय." माय म्हणजे माझी आई. तिचं तोंड सकाळी चुलीबरोबर पेटायचं आणि सांजच्याला चुलीबरोबरच विझायचं. पण हात तोंडापेक्षा जलद. आम्ही उठून तोंड धुईपर्यंत चार भाकरी टोपल्यात पडलेल्या असायच्या. कधी सुशीला करायची, चुरमुरे भिजवून, वर शेंगदाण्याचा कूट आणि हिरवी मिरची. त्या दिवशी आबा दोनदा घ्यायचे आणि काही बोलायचे नाहीत. पुनवेला विहारातून खीर यायची, ती माय झाकून ठेवायची आणि आबा कॅनॉलवरून आल्याशिवाय कुणाला बोट लावू द्यायची नाही. मी एकुलती एक. माझं नाव सुमन, पण घरात मी सुमीच होते, आणि राग आला की सुमे.

आबांकडं बारा किलोमीटरचा कॅनॉल होता. त्यावरच्या नऊ चाऱ्या, म्हणजे शेतांकडं पाणी नेणारे फाटे, आणि प्रत्येक चारीच्या तोंडाशी एक लोखंडी दार, ते वरखाली करायला एक चाक. रोज सायकलवर जायचं, चाकं फिरवायची, भिंतीवरच्या पट्टीवर पाणी किती चढलं ते बघून वहीत लिहायचं, कुठं पाझर दिसला, कुणी दगड घालून पाणी अडवलं तर सांगायचं. रस्त्यावर डांबर होतं. ते आमच्यासाठी नव्हतं, साहेबांच्या जीपसाठी होतं, आणि जीप महिन्यातून एकदा येई. बाकी दोन्ही टोकांना फाटक, फाटकाला कुलूप, आणि कुलपाची चावी आबांच्या करदोड्याला. बैलगाडी नाही, फटफटी नाही, काही नाही. नीट, सपाट, काळा रस्ता, आणि त्यावर एकटे आबा.

या रस्त्यानंच तर घात केला. गाडीवाटेचा रस्ता असता तर महिनाभरात कळलं असतं की यांना दिसत नाही. मोकळ्या रस्त्यावर कोण आडवं येणार आणि कुणावर सायकल घालणार? सगळ्यांत आधी मायच्या लक्षात आलं. ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलेला तांब्या आबांच्या कोपरानं रोज उलटायला लागला. पहिल्यांदा ती ओरडली. मग गप झाली. मग एक दिवस तिनं तांब्या मुद्दाम उजवीकडं ठेवला, तोही उलटला. तेव्हा ती त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "खरं सांगा, काय दिसतंय तुमाला?"  आबांनी चुलीपाशी पडलेली फुंकणी उचलली, डोळ्याला लावली आणि तिच्यातून मायकडं बघत म्हणाले, "हे असं. समोरचं दिसतं. बाजूचं न्हाई."

दवाखान्यात जायचं नाही हे त्याच दिवशी ठरलं. कॅम्पच्या दवाखान्यात दाखवलं की साहेबांच्या कानावर जाणार. डोळे गेले म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे क्वार्टर गेलं, मग तिघांनी जायचं कुठं? गावाकडं बसायला जागा नव्हती. "पेन्शनीपुरती नोकरी भरायला सा वर्सं हायत," आबा म्हणाले, "तेवढी निघतीन." मी नुकतीच दहावी झाले होते. दवाखान्यातल्या सिस्टरचे पांढरे बूट बघून मी नर्स व्हायचं ठरवलं होतं. त्या काळी दहावीवर घेत. मी दारात उभी राहून ऐकत होते. माय माझ्याकडं न बघता म्हणाली, "सुमी चालंल पुढं." आणि मी पुढं चालायला लागले.

कॅम्पवर सांगितलं, पोरगी बापाला डबा द्यायला जाते, मदत करते. लोकांना कौतुक वाटलं. दवाखान्यातल्या सिस्टरनं आपली जुनी लेडीज सायकल मला देऊन टाकली. त्याआधी मी आबांच्या सायकलीवर कैची मारून शिकले होते, दांडीच्या खालून एक पाय घालून, त्यामुळं सीटवर बसून चालवणं म्हणजे राजेशाहीच वाटली चार दिवस. मग आमची रीत बसली. मी पुढं, आबा मागं दहा-पंधरा हातांवर. माझ्या वेणीला लाल रिबीन, ती त्यांच्या फुंकणीत मावायची. म्हणायचे, "तुझी रिबीन दिसती तवर मी रस्त्यावर हाय." वळण आलं की मी एकदा घंटी वाजवायची, चारीचं तोंड आलं की दोनदा. पट्टीवरचा आकडा मी वाचायची, ते लिहायचे, कारण समोर धरलेली वही त्यांना दिसायची आणि अक्षर त्यांचंच पाहिजे होतं. आणि कॅनॉलच्या तळाशी बघायचं काम माझं. रस्ता उंच, कॅनॉल खाली, खोल. तळ बघायचा तर पायडल मारणं थांबवायचं, एक पाय खाली सोडून कडेला वाकायचं, बघायचं, आणि मागं हाक द्यायची, "कोणी न्हाई, आबा!" कुणी असलं तर, "हाय, आबा!" पायडल थांबलं की माझ्या सायकलीचं फ्रीव्हील कटकट कटकट वाजायचं, जुनं होतं ते. आबा म्हणायचे त्याला तेल घालू नको, तेवढी सोबत होती.

आता वाचणाऱ्याला वाटेल, किती छान. छान होतंच हो. चौथ्या चारीपाशी रस्ता वळला की खाली पैनगंगा दिसायची, उन्हाळ्यात नुसते खडक आणि मधे पाण्याचे डोह. पाणकोंबड्या होत्या. सहाव्या चारीच्या पुढं शेतकऱ्यांना पलीकडं जायला एक पूल होता आणि पुलाला लागून हिवराचं झाड. त्या झाडाखालून एक झरा निघतो, अजूनही निघतो. इंजिनियर लोकांनी कॅनॉलला सिमेंट केलं, पण झऱ्यानं काही ऐकलं नाही. भेगेतून पाझरून पुलाखाली, कॅनॉलच्या तळाशीच, हातभर डबकं धरायचा. कोरड्या कॅनॉलमधे एवढंच गोड, थंड पाणी. आम्ही तिथं बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खायचो. तिथं धोंडाबाई नावाची म्हातारी चार-पाच शेरडं घेऊन यायची. कानानं बहिरी, तोंडानं तिखट. आम्हाला बघितलं की म्हणायची, "आली बापलेकीची वरात! नवरदेव मागं, करवली पुढं!" आबा हसायचे. मलाही पहिल्या वर्षी हसू यायचं.

दुसऱ्या वर्षी येईना. रोज तेच. तेच नऊ फाटे, तीच नऊ चाकं, मागं बाप आहे म्हणून जोरात जाता येत नाही, हळू गेलं तर तो अंगावर येईल म्हणून हळूही जाता येत नाही. मान सारखी अर्धी मागं. पाऊस असो, ताप असो, माझे ते चार दिवस असोत, जायचंच. माझ्याबरोबरच्या पोरी नांदेडला कॉलेजला जायला लागल्या होत्या. एसटीच्या खिडकीतून हात करायच्या. मी कुणाशी भांडले नाही. भांडायला तरी कुठं उरलं होतं अंगात? सांजच्याला आल्यावर भिंतीला टेकून बसायची ती माय ताट समोर ठेवेपर्यंत तशीच. आज साठीच्या दाराशी माझे गुडघे दुखतात तेव्हा डॉक्टर म्हणतात, वय झालं. मला वाटतं, हे तेव्हाचंच उरलेलं आहे.

पहिल्या वर्षी मी लातूरला नर्सिंगचा अर्ज केला. बोलावणं आलं. मायनं ते पत्र तांदळाच्या डब्यात घातलं आणि म्हणाली, "पुढच्या साली जाय." दुसऱ्या साली परत आलं, परत डब्यात गेलं. तिसऱ्या साली आलं तेव्हा मीच विचारलं, "माय, डब्यात ठिवू का?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. त्याचाही मला रागच आला. रडायचा हक्कसुद्धा तिनंच घेतला असं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी उन्हाळी पाळीचं पाणी सुटलं. पाळी म्हणजे महिना-दीड महिना कोरडा ठेवलेला कॅनॉल परत भरायचा. धरणावर दार उघडलं की पाणी कोरड्या तळातून पुढं पुढं सरकत येतं. त्या पुढच्या टोकाला आम्ही पाण्याचं तोंड म्हणायचो. ते तोंड सुरुवातीला माणसाच्या चालीनं येतं. तहानलेलं सिमेंट आधी पिऊन घेतं ना. पण त्याच्या पाठीमागून येणारं पाणी बघता बघता कमरेला, मग छातीला लागतं, आणि उताराच्या भिंतीवर शेवाळ असल्यानं पायऱ्या सोडून कुठूनही वर चढता येत नाही. म्हणून पाळीच्या दिवशी चौकीदारानं पाण्याच्या तोंडापुढं सायकल मारत जायचं, "पाणी आलं ऽ पाणी आलं ऽ" अशा हाका देत. कॅनॉलच्या तळात कुणी गवत कापत असतं, कुणी गोवऱ्या वाळू घातलेल्या असतात, शेरडं असतात. सगळं बाहेर काढत जायचं. मागून साहेबांची जीप येते, पाण्याबरोबर. माय दरवेळी दहीभाताची शिदोरी द्यायची, पहिल्या पाण्यात सोडायला.

निरोप आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आम्ही निघालो. डांबर वितळून टायरला चिकटत होतं. पहिल्या चार चाऱ्या मी नीट बघितल्या. एके ठिकाणी दोन बाया गोवऱ्या उचलत होत्या, त्यांना वर काढलं. पण डोक्यात डब्यातलं पत्रच. आठ दिवसांनी लातूरला मुलाखत होती आणि आठ दिवसांनी मी इथंच असणार होते, याच्यापुढंही तीन वर्षं, रिबीन बांधून. पाचवी चारी गेली. आबांच्या हाका मागून येत होत्या. मला त्या हाकाच नको झाल्या होत्या. सहावी चारी गेली आणि पूल आला. पुलाखालचं बघायचं तर थांबून चांगलं खाली वाकावं लागे. मी वाकले नाही. पायडल मारणंही थांबवलं नाही. समोर बघत नुसतं ओरडले, "कोणी न्हाई, आबा!" आणि पुढं गेले.

पुलापासून शंभरेक पावलं गेले असेन, तर मागून हाक. "सुमे, थांब. पुलाखाली बघितलंस?"

"कोणी न्हाई म्हणलं ना!" मी मागं न बघता ओरडले.

मग सायकल आपटल्याचा आवाज आला. वळून बघते तर आबांनी सायकल रस्त्यात टाकली होती आणि पुलाच्या खांबाला हात लावून पायऱ्या उतरत होते. अठरा पायऱ्या होत्या, त्यांना पाठ. माझ्या मनात पहिलं काय आलं? की आता हे वेळ घालवणार. खरं तेच लिहितेय. मग वरच्या वळणावर पाण्याचं तोंड दिसलं. मळकट फेस, वाळकी पानं, काटक्या, कुणाची तरी तुटकी चप्पल पुढं ढकलत, सळसळ करत येत होतं. आणि पुलाखालून धोंडाबाईच्या शिव्या ऐकू आल्या. झऱ्याच्या गारव्याला म्हातारी तिथं झोपली होती, शेरडं घेऊन. बहिरीला हाक कुठली ऐकू येणार!

मी धावत आले तोवर आबांनी तिला ओढत पायऱ्यांपाशी आणलं होतं. मोठी शेरडं आपली आपण वर चढली. धोंडाबाई निम्म्यातून किंचाळली, "माजं करडू! माजं करडू ऱ्हायलं!" आबा परत वळले. पाणी घोट्याला लागलं होतं. पुलाखाली गेले, अंधारात चाचपडले, आणि रिकाम्या हातानं बाहेर आले ते दुसऱ्याच भिंतीकडं. दिशा चुकली. पायऱ्या त्यांच्या डाव्या हाताला चार पावलांवर होत्या, आणि ते उजवीकडं भिंतीला दोन्ही हात लावून वर-खाली चाचपत होते. पाणी नडगीला, मग गुडघ्याला. मी खाली उतरले, "आबा, मी इकडं, इकडं हाय," म्हणत त्यांचा हात धरला.   वर आलो तेव्हा आमच्या समोरून करडू वाहत गेलं, पाय वर करून. धोंडाबाईनं जमिनीवर बसून हंबरडा फोडला.

पुलावर जीप उभी होती. साहेब तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"मारोती, पायऱ्या तुझ्या हाताशी होत्या. तुला दिसल्या नाहीत?"

आबांनी भिजलेल्या कपड्यांतलं पाणी पिळलं.

"आणि पुलाखालची बाई आधी कशी दिसली नाही? पुढं कोण होतं बघायला?"

आता माझं नाव येणार. मी खाली मान घातली. आबा म्हणाले, "पोरगी व्हती, साहेब. तिनं सांगितलं व्हतं, खाली म्हातारी हाय म्हणून. मलाच ऐकू यायला उशीर झाला. माजी चुकी हाय."

मी तिथंच उभी होते. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. निघायला पाहिजे होता, पण निघाला नाही. साहेबांनी आबांच्या कानाच्या बाजूला बोटं धरली आणि विचारलं, "किती?" आबा समोर बघत म्हणाले, "काय किती, साहेब?" साहेबांनी हात खाली घेतला.

पुढचं सांगायलाही आता थकायला होतं. साहेबांनी आबांना स्वतःच्या जीपमधून नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर थेंबांवर उरलेली राखता आली असती, आता ती किती दिवस टिकेल सांगता येत नाही. खात्यानं काय केलं? आबांना कॅनॉलवरून काढलं आणि कॅम्पच्या स्टोअरच्या दारात स्टुलावर बसवलं. पगार तोच, क्वार्टर तेच. साहेब घरी येऊन सांगून गेले. ते गेल्यावर माय उंबऱ्यावरच बसली. "एवढंच व्हतं?" ती म्हणाली. "एवढंच व्हतं तर आपुन तीन वर्सं काय करून राहिलो व्हतो?" त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. आबा आत भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी दोघांच्या मधे उभी होते आणि कुणाकडं जावं ते मला कळत नव्हतं.

सातव्या दिवशी मायनं तांदळाच्या डब्यातलं पत्र काढलं, झटकलं आणि माझ्या हातात दिलं. नांदेडला गाडी बदलून मी लातूरला गेले. नर्स झाले, नोकरी लागली, लग्न झालं, आयुष्य लातूरलाच गेलं. माय गेल्यावर आबांना माझ्याकडं नेलं. तोवर फुंकणीही पुरती बंद झाली होती. वॉर्डात काचबिंदूचा पेशंट आला की त्याच्या डोळ्यांत थेंब मी स्वतः घालायची, दुसऱ्या सिस्टरला घालू द्यायची नाही. आणि दरवेळी मनात यायचं की मी सुटले ते कशामुळं? एक म्हातारी मरता मरता वाचली त्यामुळं. मी खोटं बोलले त्यामुळं. हे आबांना सांगायचं मी चाळीस वर्षं उद्यावर टाकलं. घरात रोज तोंडासमोर असलेल्या माणसाला सांगायला फार जड जातं. एकदा एवढंच विचारलं होतं, त्या दिवशी थांबलात कसे? "शेरडू शिंकलं," म्हणाले. "आंधळ्याचे कान लांब असत्यात." मी ते खरं मानलं.

रिटायर झाल्यावर मी हदगावला लहानसं घर बांधलं आणि आबांना घेऊन परत आले. दोन वर्षांपूर्वी कॅनॉलच्या रस्त्यावर पुन्हा डांबर पडलं. फाटकापाशी पाटी लागली, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. कुलूप गेलं, आता माणूस वाकून जाईल एवढी फट आहे. आबांनी हट्टच धरला, ने मला. चालायचे हळूहळू, पण आधाराला माणूस नको म्हणायचे. मग मी शेजारच्या मुलीची सायकल मागून घेतली. मी हँडल धरून चालायची, आबा मागचं कॅरियर धरून. चाक फिरलं की फ्रीव्हील वाजायला लागलं, कटकट कटकट. आबांच्या तोंडावर हसू आलं. "बोलती की ही," म्हणाले. "हिला तेल घालत न्हाईत वाटतं."

रिक्षाच्या टपावर सायकल बांधून शेतवाटेनं पुलाच्या जवळपर्यंत गेलो होतो, तिथून चालत. हिवर वठलाय निम्मा, झरा आहे. झाडाच्या बुंध्याशी पाझरणारं पाणी मी ओंजळीनं पाजलं त्यांना. धोंडाबाई आठवली, तिची वरात आठवली, दोघं हसलो. मग मी सायकल खांबाला टेकवली आणि म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी खाली बघितलंच नव्हतं."

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. परत सांगितलं.

"म्हाईत हाय, सुमे. तू बघायचं म्हणलीस की पायडल थांबवायचीस. सायकल वाजायची. त्या दिशी वाजलीच न्हाई. नुसती हाक आली, 'कोणी न्हाई'. म्हणून तर थांबलो."

"मग शेरडू शिंकलं म्हणलात ते?"

"शेरडू-बिरडू काय न्हाई. मला कुटं म्हाईत खाली म्हातारी हाय म्हणून? तू बघितलं न्हाईस, एवढंच म्हाईत व्हतं."

 मी खाली बसले. म्हटलं, "मग साहेबांना खोटं का सांगितलं? मला का बोललात न्हाई? आजवर एका शब्दानं बोललात न्हाई."

"काय बोलायचं?" आबा म्हणाले. तोंड माझ्याकडं नव्हतं, भलतीकडंच होतं. "तीन वर्सं रोज बघितलंस. एक दिस बघितलं न्हाईस. दमली व्हतीस तू. मी तुज्या मागंच व्हतो की, मला दिसत नव्हतं व्हय?" मग म्हणाले, "मी बी लई दमलो व्हतो, बाई. पर मला कुणाला म्हणता येत नव्हतं."

मी रडले. साठीला आलेली बाई, भर उन्हात, रस्त्यावर बसून. दोन सायकलवाले आमच्याजवळून गेले, काही विचारावं की नाही अशा चेहऱ्यानं. आबा माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो खांद्यावर पडला. तिथंच राहू दिला त्यांनी. त्याच वर्षी थंडीत आबा गेले.

त्या दिवशी पुलावर ऊन वाढायला लागलं तसं ते कॅरियर चाचपत उभे राहिले. पाळी संपली होती, कॅनॉल कोरडा होता, झऱ्याचं तेवढं डबकं. म्हणाले, "जायच्या आधी बघ. पुलाखाली कोण हाय का?"

मी सायकल पुढं घेतली. चाक वाजलं. कडेला गेले, गुडघा दुखत होता तरी चांगली खाली वाकले आणि पुलाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. ओलं सिमेंट होतं, वाळकी पानं होती.

"कोणी न्हाई, आबा."

"मग चल," ते म्हणाले.